बाळकृष्णरावांची ठेवणीतली मराठी

बाळकृष्णरावांना माणसं आवडत नसत, आणि हे त्यांनी कधी लपवलंही नाही. महसूल खात्यात उभी नोकरी काढलेल्या माणसाला लोकांचा वीट आला तर कोणी नवल करत नाही. पण बाळकृष्णरावांचा तिटकारा कचेरीतून घरी आलेला नव्हता, तो ते घरून कचेरीत नेत. निवृत्तीनंतर त्याला दिवसभराची मोकळीक मिळाली. सकाळी कॉफीचा पेला घेऊन ते दारापुढच्या तिण्णैवर, म्हणजे आपल्याकडच्या ओट्यावर बसत आणि मोहिते संदुतून जाणाऱ्या प्रत्येकाला मनातल्या मनात नावं ठेवत. फुलवाली लबाड होती, पेपर टाकणारा वेंधळा होता, समोरच्या घरातला सूर्यनारायण तर जन्मापासूनच बावळट होता. बायको राजलक्ष्मी होती तोवर ती आतून ओरडायची, की आता पुरे, आंघोळीला या. ती गेल्यापासून पुरे म्हणणारं घरात कोणी नव्हतं. मुलगा श्रीकर चेन्नईत होता. तो फोनवर इंग्लिशमध्ये चौकशी करायचा, आणि त्याची मुलं आजोबांना 'हाय' म्हणून पळायची.

मोहिते संदु ही तंजावूरच्या राजवाड्यामागची एक गल्ली. संदु म्हणजे गल्लीच. मराठ्यांचं राज्य होतं तेव्हा जी घराणी इथे आली त्यांतली काही अजून टिकून आहेत. दारांवर मराठी आडनावांच्या पाट्या आहेत, पण तमिळमध्ये आणि इंग्लिशमध्ये, कारण देवनागरी वाचणारं माणूस गल्लीत शोधावं लागतं. खुद्द बाळकृष्णरावांची मजल 'श्रीराम'पलीकडे जात नसे. तरी आपण राजाच्या भाषेचे वारस आणि बाकीचं तंजावूर आपलं भाडेकरू, अशा थाटात ही मंडळी भाजी घ्यायला जातात. एकदा पुण्याहून राजवाडा बघायला आलेल्या एका कुटुंबाशी बाळकृष्णराव हौसेनं मराठीत बोलले. त्या गृहस्थांनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि इंग्लिशमध्ये विचारलं, की ही तेलुगू आहे का. त्या दिवसापासून पुणंही बाळकृष्णरावांच्या मनातून उतरलं.

संदुच्या पाठीला पाठ लावून लायम तेरु आहे. तेरु म्हणजे रस्ता, पण तो आमच्या संदुपेक्षाही अरुंद आहे, हे बाळकृष्णराव प्रत्येक पाहुण्याला आवर्जून सांगत. लायम म्हणजे तबेला. एके काळी तिथे घोडे बांधत आणि घोड्यांची उस्तवार करणारी माणसं तिथेच राहत. घोडे गेले, माणसं राहिली. त्यांची नातवंडं आता मोबाइलची दुकानं चालवतात, लग्नाचे मांडव घालतात, गाड्या भाड्यानं देतात, आणि त्यांची घरं संदुतल्या घरांपेक्षा एक मजला उंच आहेत. संदुला या सगळ्यात तो मजलाच जास्त झोंबतो.

दोहोंच्या मध्ये एक मोकळी जागा आहे. तिथे पूर्वी बॉल बॅडमिंटनचं मातीचं कोर्ट होतं. हा खेळ महाराष्ट्रात फारसा कोणी बघितलेला नसेल. लोकरीचा पिवळा चेंडू, लाकडी रॅकेट, जाळीच्या प्रत्येक बाजूला पाच माणसं: दोघं पुढे, दोघं मागे आणि मधोमध सेंटर. चेंडू जमिनीला टेकू द्यायचा नाही, हा मुख्य नियम. हा खेळ तंजावूरच्या राजघराण्यातच सुरू झाला असं म्हणतात, आणि मोहिते संदुत तर हे इतक्या वेळा म्हणतात की ऐकणाऱ्याला वाटावं, चेंडूची लोकर यांच्याच आजीनं कातली. खेळाआधी माती भिजवून रोलर फिरवायचा असे आणि त्यासाठी कोर्टाच्या कडेला एक नळ होता. एका उन्हाळ्यात त्या नळाला आधी संदुच्या घागरी लागणार की लायम तेरुच्या, यावरून जुंपली. डोकी फुटली, पोलीस आले, नळ काढून नेला. नळ गेला तरी भांडण राहिलं. दोन्ही गल्ल्यांचे दूधवाले वेगळे झाले, इस्त्रीवाले वेगळे झाले, रिक्षांचे थांबे वेगळे झाले. कोर्टावर मात्र दोन्हीकडून कचरा पडू लागला. तेवढ्या एका बाबतीत दोन्ही गल्ल्यांचं एकमत होतं.

बाळकृष्णरावांना या कशाशी देणंघेणं उरलं नसतं, पण त्यांना साखर होती. थोरले भाऊ गोपालकृष्ण या साखरेपायीच गुडघ्याखालचा पाय गमावून बसले होते. अंगठ्याला झालेली क्षुल्लक जखम त्यांना कळलीच नाही, कारण पाय आधीच बधिर झाला होता. पुढची वर्षं त्यांनी खिडकीपाशी खुर्चीत काढली. जाणारे-येणारे आत डोकावून 'कसं काय अण्णा' असं विचारत आणि पुढे जाऊन चुकचुकत. बाळकृष्णरावांना मरणाची भीती नव्हती. खिडकीतून डोकावून आपली कीव करणाऱ्या लोकांची होती. आणि हल्ली त्यांच्या उजव्या पायाला फरशी गार लागेनाशी झाली होती. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, डॉक्टरांनासुद्धा नाही. डॉक्टरांनी तीन महिन्यांची साखर बघून बजावलं, की रोज घाम निघेपर्यंत हला, नाहीतर भावाच्या वाटेनं जाल. बाळकृष्णराव एकदा बागेत चालायला गेले. तिथे टी-शर्ट घातलेले म्हातारे घाण्याच्या बैलासारखे गोल फिरत होते आणि दर फेरीला एकमेकांना 'वणक्कम' घालत होते. ते अर्ध्या फेरीतून परत आले.

त्याच सुमारास एका बड्या ट्रस्टला तंजावूरचं भलं करायची लहर आली. शहर दुभंगलं आहे आणि शहराची पोटं सुटली आहेत, हे दोन्ही रोग एकाच औषधानं बरे करायचे त्यांनी ठरवलं, आणि औषध होतं खेळ. भिंतीभिंतींवर फलक लागले: एकत्र खेळू या, निरोगी होऊ या, एक होऊ या. फलकावर हसणारं कुटुंब तंजावूरचं तर नव्हतंच, हिंदुस्थानातलं असावं की नाही याचीही बाळकृष्णरावांना शंका आली. मग कोईमतूरहून विनुता नावाची एक मुलगी हातात टॅब घेऊन आली. ती सगळ्यांना अंकल म्हणे आणि सगळ्याला सुपर म्हणे. तिनं बुलडोझर लावून मधल्या जागेतला कचरा उचलवला, लाल माती टाकवली, जाळी बांधवली आणि नियम सांगितले. प्रत्येक संघात दोन्ही गल्ल्यांची माणसं हवीत. दर महिन्याला सगळ्यांची साखर, रक्तदाब आणि कंबर मोजली जाईल. कंबर घटली की संघाला गुण, आणि दुसऱ्या गल्लीतल्या घरी कॉफी पितानाचा फोटो टाकला की वरती बक्षीस गुण. कॉफी पिऊन माणसं एक होत असती तर हे शहर कधीच फुटलं नसतं, असं बाळकृष्णराव सूर्यनारायणला म्हणाले. सूर्यनारायण खिंकाळला. त्याला तेवढंच येत असे.

पण तिण्णैवर बसलं की रॅकेटवर लोकरी चेंडू आपटल्याचा तो मऊ आवाज यायचा. बाळकृष्णराव कॉलेजच्या संघात सेंटर होते. ते एकच काम आयुष्यात त्यांनी तिटकारा न करता केलं होतं. दोन-तीन दिवस त्यांनी कळ काढली आणि मग, ही गाढवं नुसतेच चेंडू वाया घालवतायत, असं सूर्यनारायणला ऐकवून ते रॅकेट घेऊन निघाले. सूर्यनारायण मागोमाग आला. सेंटरला कोणी उभं राहायचं हे त्यांनी कोणाला विचारलं नाही.

मागच्या बाजूला कलियपेरुमाळ उभा राहिला. लायम तेरुतला हा मांडवांचा काँट्रॅक्टर. निम्म्या तंजावूरची लग्नं याच्या छपराखाली लागतात, आणि ते तो विसरू देत नाही. काळ्याभोर रंगवलेल्या मिशा, चारही बोटांत अंगठ्या आणि कोर्टावर येतानासुद्धा मोबाइलवर ओरडणं चालूच. उरलेले दोघं त्याचेच पुतणे होते. बाळकृष्णरावांना तो पाहताक्षणी आवडला नाही, आणि त्यांचं त्यालाही तसंच झालं असावं. एकमेकांशी ते तमिळमध्ये अत्यंत सभ्यपणे बोलत. तो यांना 'रायरे' म्हणे. मराठी ब्राह्मणाला तिकडे रायर म्हणायची रीत आहे.

आता इथे संदुतल्या मंडळींची एक खोड सांगायला हवी. यांची मराठी आता पूजेला, सणाला आणि घरातल्या रुसव्याफुगव्यांना उरली आहे, पण तिचा खरा उपयोग बाहेर होतो. साडीच्या दुकानात दुकानदारासमोर त्याच्या मालाला नावं ठेवायला, लग्नात व्याह्यांच्या तोंडावर जेवणाची निंदा करायला, इस्पितळात नर्सच्या देखत नर्सबद्दल बोलायला ती वापरतात. चेहरा हसरा ठेवायचा आणि तोंडानं वाट्टेल ते बोलायचं. तीनशे वर्षं जपलेल्या भाषेचं या लोकांनी काय केलं, तर भोक पाडून त्यातून शेजाऱ्याच्या अंगावर पिंक टाकली. मुलांना धड मराठी येत नाही, पण एवढी कला त्यांनाही येते.

कोर्टावर ही कला बहरली. कलियपेरुमाळ उजवीकडच्या कोपऱ्यात चेंडूपाशी नेहमी उशिरा पोचे. त्या प्रत्येक चेंडूला बाळकृष्णराव त्याच्याकडे वळून तमिळमध्ये 'असू दे, असू दे' म्हणत, आणि मग सूर्यनारायणकडे बघून तशाच गोड आवाजात म्हणत, "ह्या खांबाला कोण हिकडे पुरून गेला रे?" सूर्यनारायण खिंकाळे. कलियपेरुमाळही हसे, कारण रायर हसतोय म्हटल्यावर हसावं, असा त्याचा भोळा हिशेब असणार, असं बाळकृष्णराव धरून चालले. मग त्याच्या मिशांवर झालं, पोटावर झालं, पुतण्यांच्या अकलेवर झालं, लायम तेरुच्या माडीवर झालं. दर दिवशी नवीन काहीतरी सुचायचं. सकाळी उठल्या उठल्या बाळकृष्णरावांचं डोकं आता शब्द जुळवायला लागे, आणि त्या नादात पाय आपोआप कोर्टाकडे वळत.

साखर उतरली. कंबर उतरली. डॉक्टरांनी कागद बघून मान डोलावली. रात्री झोप लागू लागली. पायाचा बधिरपणा गेला नाही, पण वाढलाही नाही. बाळकृष्णराव पाऊल टाकण्याआधी जमिनीकडे एक नजर टाकत आणि मगच टाकत. कोणाच्या लक्षात येत नाही याची त्यांना खात्री होती. बक्षीस गुणांसाठी ते कलियपेरुमाळच्या फाटकात रिकामा पेला हातात धरून उभे राहिले आणि फोटो काढून घेतला. आत पाऊल ठेवलं नाही. विनुतानं तो फोटो सगळीकडे पाठवला आणि खाली लिहिलं, सुपर.

वर्ष सरत आलं तसा ट्रस्टनं मोठा सोहळा ठरवला. दोन्ही गल्ल्यांमधल्या त्याच मैदानावर मांडव पडला. मांडव अर्थात कलियपेरुमाळचा. अंतिम सामना बाळकृष्णरावांचा संघ हरला, पण 'आदर्श ऐक्य संघ' म्हणून चषक त्यांनाच मिळायचा होता, कारण वर्षभरात यांच्या कोर्टावर कधी आवाज चढला नव्हता आणि सगळे सदा हसताना दिसत. व्यासपीठावर पाहुण्यांनी आरोग्यावर भाषण केलं आणि मधे दोनदा पाणी प्यायले, कारण व्यासपीठाच्या पायऱ्या चढून त्यांना धाप लागली होती.

मग विनुतानं ऐक्याचा कार्यक्रम जाहीर केला. पातळ ताकाचं एक मोठं भांडं, त्यात एकच पेला, आणि दोन्ही गल्ल्यांतल्या सगळ्यांनी त्याच पेल्यानं प्यायचं. कोईमतूर काही परदेशात नाही, पण एवढी साधी गोष्ट तिच्या ट्रस्टमध्ये कोणालाच सुचली नाही, की इथलं माणूस पेला ओठांना लावत नाही. मान वर करून वरून धार सोडतं. तसं पिणं म्हणजे शिस्त, लहानपणी थपडा खाऊन शिकलेली. त्यामुळे अख्खा मांडव एका पेल्यातून प्यायला आणि पेल्याला ओठ एकाचाही लागला नाही. टाळ्या वाजल्या. फोटो निघाले.

पेला बाळकृष्णरावांच्या हातात आला तेव्हा शेजारी कलियपेरुमाळ चषक धरून उभा होता. कॅमेरा समोर होता. बाळकृष्णरावांना ते सगळं दृश्य इतकं हास्यास्पद वाटलं, की हसरा चेहरा तसाच ठेवून ते सूर्यनारायणला म्हणाले, "हस, सूर्या, हस. ह्यांच्या आया आपल्या कोल्लैत भांडी घासून गेल्या, आज लेक कप धरून उभा आहे." कोल्लै म्हणजे परसू. सूर्यनारायण खिंकाळला. कलियपेरुमाळ मात्र पहिल्यांदाच हसला नाही.

लायम तेरुतर्फे दोन शब्द बोलायला त्यालाच बोलावलं होतं. तो माइकपाशी गेला, तमिळमध्ये सगळ्यांचे आभार मानले आणि म्हणाला, की ऐक्याचा दिवस आहे, तर आमच्या सेंटरच्या भाषेतही थोडं बोलतो. आणि तो मराठीत बोलू लागला. अडखळत नाही, तोडकंमोडकं नाही. जुन्या बायकांची, स्वयंपाकघरातली, बाळकृष्णरावांनी आईनंतर कोणाच्या तोंडून न ऐकलेली मराठी. त्यानं वर्षभरातलं सगळं एकामागून एक म्हणून दाखवलं. खांब झाला, मिशा झाल्या, पोट झालं, पुतण्यांची अक्कल झाली. बाळकृष्णरावांचा तो गोड आवाजसुद्धा त्यानं हुबेहूब काढला.

संदुच्या बाजूला लोक खाली बघू लागले. पण बाळकृष्णरावांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते लायम तेरुच्या बाजूला बघत होते. तिथली माणसं प्रत्येक वाक्य संपायच्या आधीच हसत होती. एक म्हातारी तर ओठ हलवून सोबत म्हणत होती. त्यांना मराठीचा गंध नव्हता, पण पुढे काय येणार हे पाठ होतं. म्हणजे वर्षभर रोज संध्याकाळी हा माणूस घरी जाऊन सकाळचं सगळं तमिळ करून सांगत होता, आणि सगळी गल्ली बसून ऐकत होती. आपण त्यांची करमणूक करत होतो. फुकट.

"आणि माझी अम्मा कोणाच्या कोल्लैत भांडी घासत होती तेही सांगतो," कलियपेरुमाळ म्हणाला. "अंजलै तिचं नाव. ह्या रायरांच्याच घरी होती. रायर तेव्हा परगावी नोकरीवर. सुट्टीला यायचे, मी तिथंच बसून जेवत असायचो, मला पाहिले नाहीत. बोलाय मला ह्यांच्या अम्मानं शिकवलं. ती पण शिव्या द्यायची. पण तोंडावर द्यायची."

व्यासपीठावरच्या बड्या मंडळींपैकी एकालाही अक्षर कळलं नव्हतं. पण एक तमिळ माणूस आपल्या मराठी बांधवाच्या भाषेत इतका वेळ बोलला, याचं पाहुण्यांना इतकं भरून आलं की ते उभे राहून टाळ्या वाजवू लागले. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, की बंधुभावावरच्या मराठी भाषणानं तंजावूर भारावलं. बाळकृष्णरावांनी तो पेपर चुरगळून टाकला, आणि आयुष्यात प्रथमच त्यांना दुसऱ्या कोणाला हसावंसं वाटलं नाही. लाज वाटली. आईला गुडघ्यांचा त्रास होता तेव्हा अंजलै सगळं करते, असं पत्रातून कळायचं, आणि अंजलैला मूल आहे की नाही हे विचारायचंही त्यांना कधी सुचलं नव्हतं.

ते कोर्टावर गेले नाहीत. तिण्णैवरही बसेनात, कारण लायम तेरुतलं एखादं पोर कोपऱ्यावरून जाताना 'खांब' म्हणून ओरडे. विनुतानं फोन केला, की अंकल, तुमच्या संघाचे गुण घसरतायत. सूर्यनारायण येऊन म्हणाला, की झालं गेलं सोडून दे. बाळकृष्णरावांनी दोघांनाही वाटेला लावलं. त्यांनी खिडकीपाशी खुर्ची ओढून घेतली, आणि आपण ती नेमकी कुठे ओढली हे त्यांच्या ध्यानात आलं, तरी उठले नाहीत. साखर चढू लागली. गोळ्या चुकू लागल्या. फोनवर श्रीकरनं विचारलं, तर ते 'फाइन' म्हणाले. ते एक इंग्लिश उत्तर दोघांनाही पुरत असे.

असे काही आठवडे गेले. मग एका सकाळी कलियपेरुमाळ समोरच्या दारानं सरळ आत आला. चपला काढल्या, पण विचारलं नाही. बाळकृष्णराव खुर्चीतून उठलेही नाहीत. कोर्ट तुमचं, चषक तुमचा, आता माझ्याकडे काय राहिलंय, असं त्यांनी त्याला तमिळमध्ये सुनावलं आणि दार दाखवलं. कलियपेरुमाळ दाराकडे न बघता खाली फरशीकडे बघत होता. स्वयंपाकघरापासून खुर्चीपर्यंत लाल ठिपके पडले होते. मधेमधे ते फरफटले होते.

"रायरे, पाय दाखवा," तो मराठीत म्हणाला.

बाळकृष्णरावांनी पाय खुर्चीखाली घेतला.

"पाय दाखवा म्हणितलं ना. काय नवी नवरी आहात, पाय लपवाय?"

त्या आवाजात काय होतं कोण जाणे, बाळकृष्णरावांनी पाय पुढे केला. अंगठ्याखाली काचेचा तुकडा रुतला होता. सकाळी कॉफीचा पेला फुटला होता, त्याचा असावा, किंवा आदल्या दिवशी औषधाची बाटली पडली होती, तिचा. कधी लागला ते त्यांना सांगता येईना. ते स्वतःच्या पायाकडे दुसऱ्या कोणाचा असावा तसे बघत राहिले. गोपालकृष्ण अण्णांची खुर्ची, खिडकीतून डोकावणारे ते चेहरे, सगळं एकदम समोर आलं.

"दुखत नाही रे," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी कधी कोणापुढे उच्चारलं नव्हतं.

"ठाव आहे," कलियपेरुमाळ म्हणाला. "वर्षभर तुमच्या मागं उभा आहे मी. सेंटर चेंडू पाहितो. तुम्ही पाय टाकायच्या आधी जमीन पाहित होता. म्हणून तुमच्या उजव्या हाताचे चेंडू मीच घेत होतो, मग माझ्या कोपऱ्याला पोचाय उशीर. दया नोको समजू. हराय मला आवडत नाही."

कलियपेरुमाळनं बाळकृष्णरावांच्याच टॉवेलनं पाय बांधला, तोही इतका गच्च की जाणवणारा पाय असता तर ते ओरडले असते. मग बाहेर जाऊन स्कूटर दारापर्यंत आणली. संदुतल्या खिडक्या उघडल्या. मराठी रायराला लायम तेरुतला मांडववाला मागे बसवून नेतोय, हे बघायला सूर्यनारायण दाढी अर्धी टाकून बाहेर आला.

इस्पितळात डॉक्टरांनी काच काढली, जखम धुतली आणि बाळकृष्णरावांना जेवढं बोलायचं तेवढं बोलून घेतलं. आणखी थोडे दिवस हे असंच राहिलं असतं तर अंगठा गेला असता आणि तिथून पुढचं तुम्हाला भावाच्या बाबतीत माहीतच आहे, असं त्यांनी सांगितलं. अंगठा राहिला. जखम भरेपर्यंत पाय जमिनीला टेकवायचा नाही असं बजावलं. हे सगळं चालू असताना कलियपेरुमाळ बाहेरच्या बाकावर बसून मोबाइलवर मांडवाच्या खांबांवरून कोणावर तरी ओरडत होता.

पाय टेकवायचा नाही म्हटल्यावर कोर्टावर जाण्याचा प्रश्न नव्हता. पण दुसऱ्याच आठवड्यात कलियपेरुमाळच्या पुतण्यांनी प्लास्टिकच्या खुर्चीसकट बाळकृष्णरावांना उचलून कोर्टाच्या कडेला नेऊन ठेवलं, आणि परवानगी घ्यायची त्यांच्या घराण्यात पद्धतच नसावी. सेंटरला आता त्यातला एक पुतण्या उभा राहू लागला. तो सेंटरला उभा राहायच्या लायकीचा नव्हता. हे बाळकृष्णरावांना पहिल्याच चेंडूला दिसलं, आणि त्यांच्या तोंडाला पुन्हा पाणी सुटलं. फरक एवढाच, की आता मराठीत बोलण्यात काही अर्थ उरला नव्हता. म्हणून ते तमिळमध्ये बोलले, खणखणीत, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं. पुतण्याच्या अकलेचा उद्धार झाला. पुतण्यानं तिथूनच उलट उत्तर दिलं. लायम तेरुच्या बाजूनं कोणीतरी रायराच्या टकलावर बोललं, आणि संदुच्या खिडकीतून कोणी बाई त्याच्या बापावर गेली. विनुता टॅब छातीशी धरून उभी होती. हे ऐक्यात धरायचं की नाही ते तिला कळेना.

मग उजवीकडच्या कोपऱ्यात चेंडू पडला आणि कलियपेरुमाळ उशिरा पोचला. या वेळी त्याला सबब नव्हती. बाळकृष्णरावांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि त्याला तमिळमध्ये फैलावर घेतलं. वय काढलं, पोट काढलं, रंगवलेल्या मिशा काढल्या, एवढे मांडव घालून कमावलं काय तर स्वतःचं ओझं, असंही म्हणाले. सगळं मैदान हसलं. त्याचे पुतणेही हसले.

कलियपेरुमाळ चेंडू उचलून खुर्चीपाशी आला. घाम पुसला, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "रायरे, मला बोलायचं तर मराठीत बोला. तमिळमध्ये फार लागतं."

बाळकृष्णरावांनी घसा साफ केला आणि त्याला पहिल्यापासून सगळं पुन्हा, मराठीत, तोंडावर ऐकवलं.